दहा मिनिटांची आग

शुक्रवार, १७ मार्च २०००, रात्रीचे ८. अल्बुकर्की, न्यू मेक्सिको
उरलेले तास : सुमारे ७,५४०

आकाशातली वीज तारेतल्या विजेवर कोसळली. वादळी रात्र होती. न्यू मेक्सिकोतल्या एका उच्चदाब वाहिनीला तडाखा बसला, राज्यभर वीजपुरवठा हेलकावला आणि अल्बुकर्की शहरातल्या फिलिप्स कंपनीच्या चिप कारखान्यात आग लागली. कारखान्यातल्या लोकांनी धावपळ करून ती दहा मिनिटांच्या आत विझवली. अग्निशमन दलाचे जवान पोचले तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. पाहणी करून ते परत गेले.

त्या वेळी स्टॉकहोममध्ये शनिवारच्या पहाटेचे ४ वाजले होते, हेलसिंकीत ५. आपल्याकडे शनिवारची सकाळ उजाडून साडेआठ झाले होते. इथून पुढच्या ३१४ दिवसांत स्वीडनची एरिक्सन, म्हणजे जगातली तिसऱ्या क्रमांकाची मोबाइल कंपनी, स्वतःच्या कारखान्यात फोन बनवणं कायमचं सोडून देत असल्याचं जाहीर करणार होती.

हा हिशेब मी मुद्दाम तासांत मांडतो आहे. मोठी कंपनी कोसळली की आपण दशकांच्या भाषेत बोलतो. बाजार बदलला, तंत्रज्ञान पुढे गेलं, स्पर्धा वाढली, असं म्हणतो. ते खरंही असतं. पण एरिक्सनच्या फोनची गोष्ट वाचताना मी दर वेळी त्या पहिल्या पंधरा दिवसांपाशी अडतो. तेव्हा सगळं अजून हातात होतं.

त्याच रात्री, आग विझल्यावर

वरवर पाहता नुकसान किरकोळ होतं. आठ ट्रे भरून वेफर जळाले होते. वेफर म्हणजे सिलिकॉनच्या पातळ गोल चकत्या. एकेका चकतीवर शेकडो चिप कोरलेल्या असतात आणि शेवटी त्या कापून सुट्या केल्या जातात. आठ ट्रेंत काही हजार फोनांचा माल असेल. एवढं नुकसान कुठलाही मोठा कारखाना सोसतो. चिप कारखान्यांत लहानसहान आगी लागणं तसं नवलाचंही नसतं.

खरं नुकसान जळालेल्या ट्रेमध्ये नव्हतंच. ते धुरात होतं, पाण्यात होतं, ये-जा करणाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांना होतं.

चिप जिथे बनते त्या खोलीला क्लीन रूम म्हणतात. तिथली हवा अखंड गाळली जाते. आत जाणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो, कारण त्याच्या कातडीचा सुटलेला कण किंवा केसाचा तुकडासुद्धा तिथे धोंड्यासारखा असतो. वेफरवरच्या रेषा माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. अशा दोन रेषांवर धुळीचा एक कण आडवा पडला तर ती चिप मेली. एक वेफर शेकडो टप्प्यांतून जातो, त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो कण त्याला गाठू शकतो. ऑपरेशन थिएटरपेक्षाही कितीतरी स्वच्छ अशा या खोल्यांत त्या रात्री धूर शिरला, पाणी पसरलं, माणसं काजळीतून चालली. साठ्यात ठेवलेल्या लाखो चिप त्या धुराने आणि पाण्याने खराब झाल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या चिप जिथे बनायच्या ती जागाच बाटली.

आग विझवायला दहा मिनिटं लागली. ती खोली पुन्हा पूर्वीसारखी व्हायला किती महिने लागतील, हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नव्हतं. फिलिप्सच्या लोकांनी एक आठवड्याचा अंदाज बांधला. त्यांनी कुणाला फसवलं असं मला वाटत नाही. नुकतीच आग विझवून दमलेला माणूस आशेनेच अंदाज बांधतो.

शनिवार, १८ मार्च, सकाळ. स्टॉकहोम
उरलेले तास : सुमारे ७,५३५

एरिक्सनच्या घरी शनिवार-रविवारची सुट्टी होती.

ही कंपनी १८७६ सालची. लार्स मॅग्नस एरिक्सन या कारागिराने स्टॉकहोममध्ये तारायंत्रं दुरुस्त करायचं छोटं दुकान काढलं, तिथपासूनची. टेलिफोन एक्स्चेंज बनवण्यात तिने जगभर नाव काढलं. १९८१ साली उत्तर युरोपातल्या देशांनी मिळून मोबाइल जाळं उभं केलं, त्यात एरिक्सन अग्रभागी होती. मग खिशातले फोन आले. १९९४ साली लुंड शहरातल्या तिच्या प्रयोगशाळेत तारेशिवाय जवळची यंत्रं जोडण्याच्या ज्या तंत्रावर काम सुरू झालं, ते आज ब्लूटूथ या नावाने आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे.

आलेला फोन उचलायलाही जेव्हा पैसे पडायचे, त्या काळात ज्यांनी मुंबई-पुण्यात मोबाइल वापरला त्यांना एरिक्सनचे फोन आठवत असतील. आखूड जाड अँटेना, खाली उघडणारी छोटी झडप. १९९९ साली आलेला टी-२८ तर जेमतेम ८३ ग्रॅमचा होता. बाजूचं बटण दाबलं की झडप टचकन उघडायची. लिथियम पॉलिमर बॅटरी वापरणारा तो पहिला फोन. त्याच सुमाराला आर-३८० तयार होत होता. 'स्मार्टफोन' या नावाने विकायला आलेला तो पहिला फोन, आयफोनच्या सात वर्षं आधीचा.

म्हणजे अभियंते उत्तम होते, कल्पनाही पुढच्या होत्या. नोकिया आणि मोटोरोला पुढे होत्या हे खरं, पण बाजाराचा १२ टक्के हिस्सा एरिक्सनकडे होता, आणि हा बाजार दरवर्षी फुगत होता. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक आठवडाभरापूर्वी, १० मार्चला, शिखरावर पोचला होता. दूरसंचाराच्या धंद्यात उद्याची काळजी करणारा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता.

एक गोष्ट मात्र एरिक्सनने काही वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. खर्च कमी करायचा म्हणून एकेका सुट्या भागासाठी दोन-तीन पुरवठादार ठेवण्याऐवजी एकच ठेवायचा, असं धोरण नव्वदच्या दशकाच्या मध्याला आखलं गेलं. मोबाइलला टॉवरशी बोलायला रेडिओ लहरी पकडणाऱ्या आणि सोडणाऱ्या चिप लागतात. त्या नसतील तर बाकी सगळा फोन तयार असूनही तो मुका आणि बहिरा. एरिक्सनच्या अशा काही चिप फक्त अल्बुकर्कीहून येत होत्या.

सोमवार, २० मार्च. एस्पो, हेलसिंकीजवळ
उरलेले तास : सुमारे ७,४९०

फिलिप्सचा फोन येण्याआधीच नोकियात कुणाच्या तरी भुवया वर गेल्या होत्या. उत्पादनाचं नियोजन करणाऱ्यांच्या आकड्यांत अल्बुकर्कीहून येणाऱ्या मालाचा मेळ बसत नव्हता. मग सोमवारी फोन आला. तो घेतला टापिओ मार्की यांनी. सुट्या भागांच्या खरेदीचे ते व्यवस्थापक. लहानशी आग लागली होती, थोडा माल गेला, आठवडाभरात सगळं सुरळीत होईल, एवढाच निरोप होता.

मार्की घाबरले नाहीत. घाबरण्यासारखं त्या निरोपात काही नव्हतंही. पण त्यांनी ती बातमी स्वतःपाशी ठेवली नाही. वरच्यांना कळवली, बाजूच्यांना कळवली. पेर्ती कोर्होनेन यांच्यापर्यंत ती पोचली. ते तेव्हा ३९ वर्षांचे होते, आणि अडचण आली की नोकियात ज्यांच्याकडे धाव घेतली जाई ते हेच. नोकियाने आपले अभियंते मदतीला अल्बुकर्कीला पाठवायची तयारी दाखवली. फिलिप्सने नको म्हटलं. आधीच गोंधळ, त्यात पाहुणे कशाला, हे समजण्यासारखं आहे. मग नोकियाने त्या कारखान्यातून येणारे पाच भाग खास नजरेखालच्या यादीत टाकले आणि आठवड्यातून एकदा करायचे ते फोन रोज सुरू केले.

बस्स, इतकंच. कुणी दिव्यदृष्टी दाखवली नाही की मोठा निर्णय घेतला नाही. एका माणसाने वाईट बातमी लहान असतानाच वर पाठवली, आणि वरच्याने तिला लहान म्हणून बाजूला सारलं नाही.

तोच सोमवार, स्वीडन

तोच निरोप एरिक्सनलाही गेला. फिलिप्सच्या त्या कारखान्याचे तीसएक छोटे ग्राहक होते, पण नोकिया आणि एरिक्सन या दोघांकडे मिळून ४० टक्के माल जात होता, म्हणून फिलिप्सने या दोघांना पुढे धरायचं ठरवलं होतं. एरिक्सनकडे बातमी गेली ती एका तंत्रज्ञाने दुसऱ्या तंत्रज्ञाला सांगितली म्हणून, आणि ती तिथेच राहिली. मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनी वरच्या साहेबांना सांगण्याजोगं त्यात काही पाहिलं नाही. आठवडाभराचा उशीर होईल असं पुरवठादारच म्हणतोय, मग आपण कशाला बोभाटा करायचा?

त्या माणसांना दोष देणं फार सोपं आहे आणि मला ते करवत नाही. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला ही अवस्था ठाऊक असते. साहेबांसमोर जायचं तर काहीतरी ठोस घेऊन जायचं. अर्धवट माहिती घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, 'मग तुम्ही काय केलंत?' त्यापेक्षा आठवडा थांबू, कदाचित सगळं आपोआप निस्तरेल. ज्या संस्थेत वाईट बातमी आणणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं, तिथे माणसं गप्प राहायला आपसूक शिकतात.

पुढचे अकरा दिवस

नोकियातून रोज फोन जात राहिला. एरिक्सनमध्ये कामं नेहमीसारखी चालू राहिली.

अल्बुकर्कीत मात्र त्या अकरा दिवसांत खरं चित्र उघडं पडत गेलं. जितकं साफ करावं तितकं नवं काही बाटलेलं सापडत होतं.

शुक्रवार, ३१ मार्च
उरलेले तास : सुमारे ७,२२०

आगीला दोन आठवडे झाले. आता फिलिप्सने मान्य केलं की दुरुस्तीला आणखी कित्येक आठवडे लागतील आणि काही महिन्यांचा पुरवठा हातचा जाईल.

नोकियाने कागद काढून हिशेब मांडला. सुमारे ४० लाख हँडसेट बनणार नाहीत. पाच भागांपैकी तीन दुसरीकडे मिळण्यासारखे होते. जपान आणि अमेरिकेतल्या पुरवठादारांना नोकियाने गाठलं, आणि नोकिया मोठं गिऱ्हाईक असल्याने त्यांनी अवघ्या पाच दिवसांत जादा माल द्यायची तयारी केली. उरलेले दोन भाग मात्र फिलिप्सशिवाय कुणाकडे नव्हते. इथे नोकियाने सगळी ताकद लावली. अध्यक्ष योर्मा ओलिला अमेरिकेहून परतत होते. त्यांनी वाट वाकडी केली आणि फिलिप्सचे प्रमुख कोर बोन्स्ट्रा यांच्याबरोबरच्या बैठकीला जाऊन बसले. फिलिप्सच्या जगभरच्या कारखान्यांत कुठे किती यंत्रं रिकामी आहेत हे आम्हाला दाखवा, अशी मागणी झाली. ती मान्यही झाली. नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमधल्या कारखान्याने नोकियासाठी एक कोटीहून जास्त चिप बनवायचं पत्करलं. शांघायच्या कारखान्यात जागा करून दिली गेली. नोकियाची तीसएक माणसं वेगवेगळ्या देशांत पांगली. काही चिपांची रचनाच बदलली, म्हणजे त्या दुसऱ्या कारखान्यांतही बनवता येतील.

हे वाचताना वाटतं की दोन कंपन्यांत एकच फरक होता, तो पैशाचा नव्हता, अकलेचा तर नव्हताच. फरक तारखांचा होता. जगात त्या चिप बनवायची जी काही मोकळी जागा होती ती मर्यादित होती. जो आधी पोचला त्याने ती अडवली.

एप्रिलचा पहिला आठवडा, स्वीडन
उरलेले तास : सुमारे ७,१००

एरिक्सनच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विभागाचे, म्हणजे सगळ्या मोबाइल फोनांचे, प्रमुख यान वेरेबी यांच्या कानावर आगीची खरी व्याप्ती पोचली ती आता, एप्रिलमध्ये. एव्हाना आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली होती. एरिक्सनची माणसं फिलिप्सकडे गेली तेव्हा देण्यासारखी यंत्रं नोकियाच्या कामाला जुंपलेली होती. दुसऱ्या पुरवठादाराकडे जावं तर दुसरा पुरवठादार ठेवलेलाच नव्हता. कंपनीचे विपणन संचालक यान आरेनब्रिंग यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं की आमच्याकडे पर्यायी योजनाच नव्हती.

तीन आठवड्यांनी अल्बुकर्कीचा कारखाना पुन्हा सुरू झाला खरा, पण सहा महिने उलटले तरी तिथून निघणारा चांगला माल पूर्वीच्या निम्माच होता. काही यंत्रं नव्याने मागवायची तर वर्षं लागणार होती. वेफरला घाई करता येत नाही. त्याचे आठवडे त्याला द्यावेच लागतात.

एरिक्सन नवे फोन बाजारात आणायच्या तयारीत होती, तेव्हाच ही टंचाई आली. गिऱ्हाईक दुकानात उभं, जाहिराती झालेल्या, आणि आत घालायची नखाएवढी चिप नाही. लुंडच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपलेल्या अभियंत्यांचा विचार मनात आला की जीव तुटतो. त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

जुलै २०००, स्टॉकहोम
उरलेले तास : सुमारे साडेचार हजार

आगीमुळे झालेलं नुकसान एरिक्सनने लोकांसमोर पहिल्यांदा मांडलं ते जुलैत. किमान ४० कोटी डॉलरची विक्री बुडाल्याचा अंदाज होता. काही तासांत शेअर १४ टक्के घसरला. चार महिने आतल्या आत साचलेली गोष्ट बाहेर पडली आणि बाजाराने तिची किंमत एका दुपारच्या आत लावली.

त्याच काळात नोकियाचा बाजारातला हिस्सा २७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला. एरिक्सनचा १२ वरून ९ वर आला. तीन टक्के इकडून गेले, तीन टक्के तिकडे आले. हा सगळा फरक आगीनेच केला असं म्हणणं चूक ठरेल. एरिक्सनने स्वतः वर्षअखेरीला तोट्याची कारणं सांगितली त्यात सुट्या भागांच्या टंचाईबरोबर चुकीचे फोन बनवणं आणि विक्रीतल्या चुका हीही होती. स्वस्त, साधा, तरुण पोरांना आवडेल असा फोन नोकियाने जितका नेमका ओळखला तितका एरिक्सनने ओळखला नाही. अशक्त शरीराला साधा तापही मोडतो. पण ताप पहिल्या दिवशी ओळखला असता तर माणूस उठून बसला असता, हेही तितकंच खरं आहे, आणि मला ते विसरता येत नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी २००१, स्टॉकहोम
उरलेले तास : शून्य

२००० सालात मोबाइल विभागाचा तोटा १६२० कोटी स्वीडिश क्रोनर, म्हणजे सुमारे १७० कोटी डॉलर, असा जाहीर झाला. त्याबरोबरच दुसरी घोषणा आली. एरिक्सन यापुढे स्वतः फोन बनवणार नाही. ब्राझील, मलेशिया, स्वीडन, ब्रिटन इथलं आणि अमेरिकेतलं काही हँडसेट उत्पादन फ्लेक्सट्रॉनिक्स या कंत्राटी उत्पादक कंपनीकडे जाईल. हजारो कामगार एका कंपनीत झोपले आणि दुसऱ्या कंपनीत जागे झाले. त्यांच्यापैकी कितीजणांनी अल्बुकर्की हे नाव तोवर ऐकलं असेल?

एप्रिल २००१ मध्ये सोनीबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीची घोषणा झाली. १ ऑक्टोबरला सोनी एरिक्सन सुरू झाली. तिने वॉकमन फोन काढले, आपल्याकडच्या कॉलेजांतही ते मिरवले गेले, पण एकट्या एरिक्सनचं नाव लिहिलेले फोन मग येईनासे झाले. २०१२ च्या फेब्रुवारीत सोनीने एरिक्सनचा निम्मा वाटाही विकत घेतला आणि मोबाइलवरून ते नाव पुसलं गेलं. टॉवर आणि जाळी उभारण्याच्या आपल्या जुन्या धंद्यात एरिक्सन आजही पाय रोवून आहे.

आगीनंतर कंपनीने एक वेगळंच काम हाती घेतलं. आपल्या उत्पादनातला एकेक भाग घेऊन बसायचं आणि विचारायचं, हा कुठून येतो, तो कारखाना उद्या बंद पडला तर दुसरीकडून मिळायला किती महिने लागतील? उत्तर महिन्यांत लिहायचं. ज्याचं उत्तर मोठं त्याची काळजी आधी. पुरवठा साखळीचं शास्त्र शिकवणाऱ्या वर्गांत ही पद्धत आज जगभर शिकवली जाते, आणि तिच्याबरोबर अल्बुकर्कीची रात्रही.

आणि नोकिया? क्वी हुई आणि तिमो वुओरी या दोन अभ्यासकांनी पुढे नोकियातल्या आणि नोकियाशी संबंधित ७६ जणांच्या मुलाखती घेऊन तिच्या पडझडीचा अभ्यास केला. आयफोन आल्यानंतरच्या वर्षांत काय घडलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांना आढळलं की मधल्या फळीतल्या माणसांना सॉफ्टवेअर मागे पडतंय हे दिसत होतं, आणि वरच्यांच्या भीतीने ती ते स्पष्टपणे सांगत नव्हती. वेळापत्रकं खोट्या आशेवर आखली जात होती. ३ सप्टेंबर २०१३ रोजी एस्पोमध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचं जाहीर केलं. अल्बुकर्कीच्या आगीचा निरोप टापिओ मार्की यांनी एका सोमवारी ज्या कंपनीत वर पोचवला होता, ती हीच.